तुम्ही विचारलंत म्हणून: तंबूतली पहिली रात्र

शिकागो, मिल्वॉकी, मॅडिसन या पट्ट्यातल्या मराठी घरांतून उन्हाळा जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो: ‘मुलं लहान आहेत, आम्ही दोघंही कधी तंबूत राहिलेलो नाही. पहिल्यांदा कुठे जावं आणि काय काय न्यावं लागेल?’ ‘कुठे’चं उत्तर सोपं आहे: विस्कॉन्सिनमधलं, बॅराबू गावाजवळचं डेव्हिल्स लेक स्टेट पार्क. ‘काय न्यावं’ला मात्र थोडं सविस्तर सांगावं लागतं. बहुतेकजण सगळे पैसे तंबूवर घालतात आणि पहाटे कुडकुडतात ते अंगाखालच्या जमिनीमुळे. मुलांना पुन्हा जावंसं वाटणार की नाही, हे रात्री दोन ते पाच या वेळातच ठरतं. म्हणून तयारी त्या तीन तासांची करा.

आधी जागेबद्दल. साधारण ३६० एकरांचं तळं, पूर्वेला आणि पश्चिमेला क्वार्टझाइट या टणक खडकाचे सुमारे ५०० फुटी कडे, उत्तरेला आणि दक्षिणेला वाळूचा किनारा. हिमयुगात हिमनदीने आणलेल्या दगडमातीने दरीची दोन्ही टोकं बुजली आणि मधे पाणी अडून राहिलं. तळ्यात फक्त इलेक्ट्रिक मोटरच्या होड्यांना परवानगी आहे, त्यामुळे पोहणाऱ्या मुलांजवळून भरधाव बोटी जात नाहीत. कॅम्पग्राउंडवर गरम पाण्याचे शॉवर आहेत. मॅडिसनहून तासाभराच्या आत पोचता, शिकागोहून तीनेक तास. पहिल्या खेपेला याहून लांब जाऊच नये. मध्यरात्री मूल तापलं, तर सगळं गुंडाळून गाडीत घालून घर गाठता आलं पाहिजे.

बुकिंग ११ महिने आधी सुरू होतं आणि उन्हाळ्यातले शुक्रवार-शनिवार बघता बघता संपतात. रविवार ते गुरुवारमधली रात्र धरा, किंवा रद्द झालेल्या जागांवर रोज नजर ठेवा. एका साइटवर, म्हणजे तंबूच्या एका जागेवर, एक कुटुंब किंवा सहाजण, असा नियम आहे. चार घरं मिळून एकच जागा घेऊ, हे इथे चालत नाही. पार्कमध्ये गाडी नेण्याचा स्टिकर कॅम्पिंगच्या भाड्यात धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. मला विचाराल तर लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाल्यानंतरचा आठवडा सर्वांत चांगला: गर्दी ओसरते, डास कमी होतात, पाणी मात्र अजून पोहण्याजोगं असतं. रात्री गार होतात, पण त्याला उपाय आहे.

तंबूच्या खोक्यावर ‘सहा माणसांचा’ लिहिलेलं असतं, तेव्हा सहाजण खांद्याला खांदा लावून झोपतील असा त्याचा अर्थ. चौघांना सहाचा घ्या. वरचा फ्लाय, म्हणजे पावसासाठीचं बाहेरचं आवरण, नुसता टोपीसारखा नको, जमिनीपर्यंत खाली येणारा हवा. निघण्यापूर्वी घरामागे एकदा उभा करा आणि पाण्याचा पाइप दहा मिनिटं वरून सोडा. शिवणीतून थेंब कुठे येतो ते तिथेच कळतं आणि सीम सीलरची (शिवण बुजवायच्या चिकट द्रवाची) ट्यूब लावायला वेळ मिळतो.

तिथे पोचल्यावर आधी वर बघा. वाळलेली किंवा अर्धवट मोडलेली फांदी डोक्यावर असेल, तर त्या झाडाखाली तंबू नको. मग खाली बघा. पावसाचं पाणी साचून वाळलेल्या बारीक मातीचा गुळगुळीत खळगा झोपायला फार चांगला वाटतो. रात्री पाऊस आला की पाणी पहिलं तिथेच जमतं. तंबूखालची ग्राउंडशीट तळापेक्षा दोन-तीन इंच आतच राहिली पाहिजे. बाहेर डोकावली तर फ्लायवरून ओघळणारं पाणी तिच्यावर पडतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं. तंबूत पाणी शिरल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं. खुंट्या मारताना सगळ्या चेन लावलेल्या असू द्या, नाहीतर कापड तिरकं ताणलं जातं आणि नंतर चेन बंदच होत नाही. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या खडीच्या जमिनीत वाकतात. दहा इंची जाड पोलादी खुंट्या आणि हातोडी वेगळी घ्या. वरच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवा. चौघांच्या श्वासातली वाफ आतल्या कापडावर थेंबांनी जमते आणि सकाळी ‘तंबू गळला’ म्हणून त्याला दोष दिला जातो.

आता झोप. इथल्या रात्री जूनमध्येही ५० फॅरनहाइटच्या आसपास उतरू शकतात. तुम्ही कितीही चांगली स्लीपिंग बॅग आणा, अंगाखाली दबलेलं तिचं भरण चपटं होतं आणि त्याची ऊब जाते. खाली पॅड हवंच. घरातली पाहुण्यांसाठीची हवेची गादी इथे सर्वांत वाईट: आतली हवा जमिनीला लागून गार होते आणि अंगाची ऊब रात्रभर शोषत राहते. तीच न्यायची असेल, तर तिच्यावर फोमची घडीची चटई आणि त्यावर जाड गोधडी घाला. नवीन पॅड घेताना आर-व्हॅल्यू बघा: हा आकडा जितका मोठा, तितकी जमिनीची गारठ कमी लागते. जुलै-ऑगस्टला ३ पुरते, मे किंवा सप्टेंबरला ४ किंवा त्याहून जास्त घ्या. तंबूत शंभर डॉलर वाचवून ते पॅडमध्ये घाला, हा सल्ला मी प्रत्येकाला देतो.

बॅगवरचा आकडाही नीट वाचा. ‘लोअर लिमिट’ म्हणजे अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र निघेल ते तापमान. आपल्याला ‘कम्फर्ट’चा आकडा बघायचा. मोठ्यांच्या बॅगेत मूल झोपवलं तर पायाशी मोकळी जागा उरते, ती काही गरम होत नाही. पट्ट्याने बॅगेचं खालचं टोक बांधून टाका. झोपण्यापूर्वी मुलांचे सगळे कपडे बदला, आतलेसुद्धा, अगदी मोजेसुद्धा. दिवसभराच्या घामाचा ओलावा हाताला जाणवत नाही, पण पहाटे तोच गारठवतो. कानटोपी घाला. घट्ट झाकणाच्या जाड बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात घालून बॅगेच्या तळाशी सरकवली की पाय ऊबदार राहतात. शेगडी, कोळसा किंवा गॅसचा हीटर तंबूत कधीही नेऊ नका, झडपा उघड्या असल्या तरी, दोन मिनिटांसाठीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला जाग येत नाही.

जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो आणि कॅम्पग्राउंडवर शांततेची वेळ रात्री अकराला सुरू होते. आठला झोपणाऱ्या मुलांना त्या दिवशी दहापर्यंत जागू द्या. भांडण्यात अर्थ नाही. प्रत्येक मुलाला स्वतःचा हेडलॅम्प द्या. अंधाराची भीती निम्मी होते आणि शौचालयाची वाट दिसते.

जेवणाचं एकच तत्त्व: चिरणं, भाजणं, निवडणं घरी, तिथे फक्त गरम करणं आणि उकळणं. पोचलेल्या संध्याकाळी पोळ्या आणि घरून गोठवून आणलेली मटकीची उसळ पुरे. गोठलेली उसळ वाटेत कूलरमध्ये बर्फाचंही काम करते. सकाळच्या उपम्याचा रवा घरीच भाजून, त्यात मोहरी, कढीपत्ता, मिरची, उडदाच्या डाळीची फोडणी कुरकुरीत करून मिसळून पिशवीत भरा. तिथे एका वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी आणि मीठ. थालीपिठाला भाजणी मोजून आणि कांदा चिरून न्या. पार्चमेंट कागदावर थापा, कागदासकट तव्यावर उलटा आणि मिनिटभराने कागद सोलून घ्या. ओलं फडकं धुवायची कटकट उरत नाही. दोन बर्नरच्या शेगडीचा एक पौंडाचा प्रोपेन सिलिंडर दोन्ही बर्नर पूर्ण सोडले तर जेमतेम तासभर चालतो, आणि वारा लागला तर त्यातलाही बराच गॅस फुकट जातो. दोन सिलिंडर घ्या आणि शेगडीचे वाऱ्याचे पडदे उघडून ठेवा. पेयांचा कूलर वेगळा, दुधा-दह्याचा वेगळा, कारण सरबतासाठी दर दहा मिनिटांनी झाकण उघडलं की दूध नासतं. सुट्या बर्फापेक्षा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या जास्त टिकतात आणि वितळल्यावर पिता येतात. खरकटं पाणी तळ्यात किंवा नळाखाली नाही, ठरवून दिलेल्या जागीच ओतायचं.

इथले खरे चोर रकून आहेत. कूलरची झाकणं ते उघडतात, पिशव्यांच्या गाठी सोडवतात, तंबूचं कापडही फाडतात. झोपताना कूलर, कचरा, टूथपेस्ट, मुलाच्या खिशातला अर्धा लाडू, सगळं गाडीत टाकून काचा बंद करा.

शेकोटीची लाकडं घरून आणू नका. एमराल्ड अ‍ॅश बोरर ही अ‍ॅशच्या झाडांना मारणारी कीड जळणातून पसरते, म्हणून पार्कपासून दहा मैलांच्या आतलंच किंवा प्रमाणित लाकूड चालतं. निखाऱ्यांवर कणसं भाजा, त्याहून सोपा आनंद नाही. मात्र विझवताना वर वाळू लोटू नका: वाळूखालचा निखारा तासन् तास धगधगत राहतो, वरून काही दिसत नाही आणि सकाळी अनवाणी मूल त्यावर पाय ठेवतं. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हाताच्या मागच्या बाजूला ऊब लागत नाही तोवर थांबू नका.

पाण्याच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. दंडात घालायच्या हवेच्या पिशव्या हे खेळणं आहे. यूएस कोस्ट गार्डने मान्य केलेलं लाइफ जॅकेट घ्या आणि मुलाचं वजन बघून घ्या: ३० पौंडांपर्यंत, ३० ते ५०, ५० ते ९०. घातल्यावर खांद्यांशी धरून वर उचला; ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकलं तर मोठं आहे. लहानग्यांना पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. फुगवलेली हंस-मगर मंडळी घरी ठेवा, कारण किनाऱ्याकडून वारा सुटला की ती तळ्याच्या मध्याकडे निघतात आणि मूल त्यांच्या मागे जातं. मोठ्यांपैकी एकाने पंधरा मिनिटं फक्त पाण्याकडे बघायचं, फोन नाही, गप्पा नाहीत, मग दुसऱ्याने.

पोहून आल्यावर तासाभरात अंगावर खाजरे लाल ठिपके उठले तर घाबरू नका. पाणपक्ष्यांच्या अंगातल्या परजीवीची अळी गोगलगाईंमधून पाण्यात येते आणि चुकून माणसाच्या कातडीत शिरून तिथेच मरते. अळ्या काठाच्या उथळ, कोमट पाण्यात जास्त असतात, म्हणजे नेमक्या लहान मुलं डुंबतात तिथे. बाहेर येताच, अंगावरचं पाणी वाळायच्या आत टॉवेलने खसखसून पुसा. ठिपके उठलेच तर थंड पाण्याची पट्टी ठेवा. ते एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत.

चालायला लहानांसाठी दक्षिणेची सपाट ग्रोटोज ट्रेल आणि पश्चिम काठची टंबल्ड रॉक्स ट्रेल पुरेशी आहे. बॅलन्स्ड रॉक या तोल साधून उभ्या असलेल्या खडकाकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या उभ्या आहेत; सहा-सात वर्षांच्या मुलांना त्या चढवा, पण उतरवू नका, उतरायला दुसरी सोपी वाट धरा. पाऊस पडून गेला असेल तर तिकडे जाऊच नका, ओला क्वार्टझाइट पाय ठरू देत नाही. कड्यांवर कठडे नाहीत. किनाऱ्याजवळ गवताचे बुटके उंचवटे दिसतील, काही पक्ष्याच्या, काही अस्वलाच्या आकाराचे. स्थानिक आदिवासींच्या पूर्वजांनी ते सुमारे हजार वर्षांपूर्वी रचले आणि होचंक या इथल्या आदिवासी लोकांसाठी ते पवित्र आहेत. मुलांना दाखवा, समजावून सांगा, त्यांवर चढू मात्र देऊ नका.

विजा चमकू लागल्या की तंबूतून उठून गाडीत किंवा शॉवरच्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच बसा. डोंगरांमध्ये फोनला रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून हवामानाचा अंदाज संध्याकाळी ऑफिसपाशी वाचून घ्या.

परतताना तंबू ओला असेल तर पिशवीत नुसता कोंबा, पण घरी गेल्या गेल्या गॅरेजमध्ये पसरा. दोन दिवस तसाच राहिला तर बुरशी धरते आणि वास जात नाही. कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा, म्हणजे त्यातल्या गोचिडी मरतील. विस्कॉन्सिनात गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम रोग आहे आणि मे ते जुलै या काळातली हरणांवरची पिल्लू-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. आंघोळ घालताना मुलांच्या कानांमागे, केसांत, काखेत, बेंबीत, गुडघ्यांमागे बोट फिरवून बघा. चिकटलेली सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. तेल, व्हॅसलीन, काडेपेटी यांतलं काही नको. जागा साबणाने धुऊन तारीख लिहून ठेवा. पुढच्या तीस दिवसांत ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांना ती तारीख आणि जंगलात कुठे गेला होतात ते सांगा.