झालरी परत आल्या!

आज वसईत एका लग्नाचा तीन मजली केक पोचवला. नवरीला गुळगुळीत फॉन्डंट (केकवरचं साखरेच्या लगद्याचं आवरण) नकोच होतं. तिला हवी होती जुनी लॅम्बेथ नक्षी: क्रीमच्या झालरी, शिंपले, तोरणं, थरावर थर. ही मागणी पुन्हा वाढतेय याचा मला फार आनंद आहे, कारण यात हाताचं कसब दिसतं. वरचा मजला मात्र आजीच्या हट्टाने रममध्ये मुरलेल्या मनुकांचा!

खऱ्या फुलांचीही आवड वाढलीय. २०१८ मध्ये ब्रिटनचा राजपुत्र हॅरी आणि मेगनच्या लग्नातल्या लिंबू-एल्डरफ्लॉवर (एक सुवासिक पांढरं फूल) केकवरही बटरक्रीम आणि ताजी फुलंच होती. फक्त मैत्रिणींनो, कण्हेर विषारी असते, ती केकवर अजिबात नको. फवारणी केलेली बाजारातली फुलंही नकोत. घरच्या, औषध न मारलेल्या गुलाबाच्या पाकळ्या खुशाल लावा.