२८० रुपयांचा पुडा

शुक्रवार, रात्री

“एवढ्याला?” वहिनी एवढंच म्हणाल्या. म्हापशाच्या बाजारातून निघताना त्या थंडगार दुकानात शिरलो. मी ग्लूटेन-फ्री बिस्किटांचा पुडा उचलला, त्यांनी तो उलटा करून किंमत वाचली. “असाच बघत होते,” म्हणून मी ठेवून दिला.

टोमणा नव्हताच तो. तरी दिवसभर सलतोय. दादांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची किंमत कुणी अशी वाचत नाही. माझ्या सिलियाकला, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या आजाराला, गोळीच नाही. गहू जन्मभर सोडायचा, हाच इलाज. मग त्या जागी जे खायचं, ती चैन कशी? सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की सगळं घर चहात पाव बुडवतं. माझ्याही तोंडाला कधीतरी काही खुसखुशीत हवंसं वाटतं, यात लाजण्यासारखं काय आहे? पण लाजले. पुडा ठेवताना हात घाईघाईनेच गेला.

“तुमचं काय, भात खायचा!” हेही ऐकून झालंय. भात खातेच. पण गिरणीत गहू दळून झाल्यावर त्याच दगडावर माझे तांदूळ पडतात. हिंगाच्या डबीतही बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं तर किलोला २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन हवं. त्यासाठी वेगळी यंत्रं, तपासण्या. २८० रुपये तिथे जातात, हे कळतं मला. वहिनींना तेव्हाच सांगायला हवं होतं. आईलाही शेवटी काही पचायचं नाही, तेव्हा कुणी... असो.

पुरे. रडगाण्याने पीठ मळत नाही. पिशवी उपसली: नाचणी, नारळ, माडाचा गूळ, काजूची कणी. कूटच करायचं तर अख्खा काजू घेऊन कुणाला दाखवायचाय? पीठ चिकटवणाऱ्या झँथन गमच्या बाटलीची किंमत बघूनच मी मागे फिरले होते. चिकटपणाला दादांच्या डब्यातलं चमचाभर इसबगोल चालतं. त्यांना कळलं तर कळलं. नाचणी धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरलाच फिरवणार, दोनदा चाळून.

चवथीला मैद्याच्या नेवऱ्या (करंज्या) नुसत्या बघायच्या, पण पातोळ्या तर तांदळाच्याच. बिबिंकात मैदा, दोदोलात मात्र तांदळाचं पीठ. म्हणजे अगदीच वनवास नाही. दोदोल घोटताना दंड भरून येतात, तेवढा व्यायाम फुकट.

उद्या नाचणीची नानकटाई. ओव्हन मात्र वहिनींचा, आणि काल त्यात मैद्याचा केक झालाय. ट्रे घासून ठेवा, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? बटर पेपर मी आणते, असं म्हणून सुरुवात करावी. मग हळूच ट्रेचं.