बचावाचा साक्षीदार

"मॅडम, मुकादमाला आणलंय." पावणेअकराच्या सुमारास मावशींनी मला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आमच्या कोर्टाच्या जिन्यातच गाठलं. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हजेरीची वही.

त्यांचा मुलगा सात महिने नाशिकरोडच्या कारागृहात होता. मार्च 2023 मध्ये गिरणाऱ्याकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या घरातून रात्री सोन्याची पोत चोरीला गेली. फिर्याद अज्ञात चोरट्याविरुद्ध. मुलगा त्याच बागेत कामाला होता आणि चोरीनंतर दोन दिवसांनी मालकाला न सांगता होळीला घरी गेला. पेठ-सुरगाण्याचा माणूस होळीला घरी जातोच, हे नाशकात कोणाला सांगावं लागत नाही. तरी संशय त्याच्यावरच येऊन बसला. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार कुठून आणणार? कोठडीतल्या माणसाला कायद्याने मोफत वकील मिळतो, त्या यादीतून प्रकरण माझ्याकडे आलं.

एक चूक माझी आहे. पहिल्या भेटीत घाईघाईत मी मावशींना म्हणाले होते, "त्या रात्री तो कुठे होता याचा काही पुरावा असेल तर शोधून ठेवा." ते वाक्य त्या बाईने सात महिने उराशी धरलं. मजुरी बुडवून मुकादमाच्या मागे फिरल्या, वही मिळवली. पोराने चोरी केली नाही हे आपण शाबीत केलं नाही तर तो सुटणार नाही, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं, आणि ते बसवलं मी.

जिन्यातच मुकादमाशी बोलले. वहीत दिवसाची हजेरी होती, रात्रीची नव्हती. "शेडवर झोपलेला असणारच," तो म्हणाला. पाहिलं होतं का? "असणारच की, जाणार कुठं?" माणूस खरा होता, पण ते "असणारच" उलटतपासात दोन मिनिटंही टिकलं नसतं. "मी तिथे नव्हतोच" असं आरोपी म्हणाला की तेवढी गोष्ट शाबीत करणं त्याच्यावर येतं. तो बचाव कोसळला म्हणून सरकार पक्षाची उणीव भरून निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा निकालात स्पष्ट केलंय. तरी खोटा पडलेला साक्षीदार न्यायाधीशांच्या मनात काय ठेवून जातो, ते मी पाहिलंय.

आणि उणीव तर समोर दिसत होती. पोत आरोपीने स्वतः बांधावरच्या बाभळीखालून काढून दिली, यावर सगळा खटला उभा होता. पोत काढून देताना हजर होतो म्हणून पंचनाम्यावर सही केलेले दोन पंच होते. पहिल्या पंचाने सांगितलं, सही ठाण्यात केली, शेत पाहिलंच नाही. तो फितूर, म्हणजे सरकार पक्षावर उलटलेला साक्षीदार, जाहीर झाला. दुसरा पंच गेलो होतो म्हणाला, पण बाभूळ विहिरीच्या कोणत्या अंगाला होती ते त्याला सांगता येईना. तपासी अंमलदारांनी उलटतपासात कबूल केलं, की बांध उघडा आहे आणि सगळे मजूर तिथूनच ये-जा करतात.

मी मावशींना म्हटलं, "मुकादमाला उभं करत नाही." त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. "आमचा माणूस दारात उभा हाय, आन् तुम्ही नको म्हणता?"

अकरा वाजून गेल्यावर पुकारा झाला. सरकारी साक्षीदार संपले होते, म्हणून आता आरोपीचा जबाब. न्यायाधीश एकेक पुरावा सोप्या मराठीत सांगून विचारत होते, तो "खोटं आहे" म्हणत होता. शेवटी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

"म्या नाही केलं साहेब. पण माझ्याकडं पुरावा नाही."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "पुरावा तुम्ही द्यायचा नसतो. ज्यांनी आरोप केला त्यांनी द्यायचा." मग नेहमीचा प्रश्न: बचावाचा साक्षीदार द्यायचाय? तो माझ्याकडे बघायला लागला. दारात मावशी, त्यांच्यामागे मुकादम. मी उभी राहून म्हणाले, "नाही."

तो शब्द उच्चारताना हात गार पडले होते. वीस वर्षांच्या पोराची आणखी काही वर्षं त्या एका शब्दावर होती.

दुपारी युक्तिवाद. चोरीचा माल चोरीनंतर लगेच ज्याच्याकडे सापडतो तो चोर, किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा, असं न्यायालय गृहीत धरू शकतं, हे सरकारी वकिलांनी मांडलं. मी एवढंच म्हटलं, की आधी माल "त्याच्याकडे" सापडला हे तर शाबीत होऊ द्या, गृहीतक त्यानंतरचं. मग मी 1973 चा शिवाजी साहेबराव बोबडे निकाल वाचला: आरोपी दोषी असू शकतो आणि दोषी आहेच, यांत लांबचं अंतर आहे. सरकारी वकिलांनी तोच निकाल उघडून दाखवला, की संशयाच्या फायद्याचा अतिरेक झाला तर समाजाचा न्यायावरचा विश्वास उडतो, हेही त्यातच लिहिलंय. मुद्दा खरा होता आणि त्यांनी तो मनापासून मांडला. तेव्हा 1872 चा पुरावा कायदा होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम आहे. 101 व्या कलमातलं शाबीत करण्याचं ओझं नव्या कायद्याच्या 104 व्यात गेलं, पण ते आजही आरोप करणाऱ्याच्याच खांद्यावर आहे.

पाच दिवसांनी निकाल लागला. निर्दोष मुक्तता, पोत फिर्यादीला परत. व्हरांड्यात फिर्यादी आजींनी मला थांबवलं. पोत त्यांच्या आईची होती. "मग ती बाभळीखाली आपोआप गेली का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना ते मिळायला हवं होतं, आणि ते शोधायचं काम तपासात अर्धवट राहिलं होतं.

मावशी भिंतीशी बसल्या होत्या. पोरगा संध्याकाळी तुरुंगातून सुटेल हे समजावून सांगितलं आणि हजेरीची वही त्यांना परत दिली. म्हटलं, आता हिची गरज नाही.

"हाय की," वही पिशवीत गुंडाळत त्या म्हणाल्या. "त्याची आठ रोजांची मजुरी राहिलीय मालकाकडं."