एकूण वजन बसलं, एक्सल बसला नाही: फ्लॅटबेडच्या काट्याचा माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीतून बिडाचे चार नग, प्रत्येकी 7 टनांचे, 40 फुटी फ्लॅटबेडवर (बाजूच्या भिंती नसलेल्या सपाट ट्रेलरवर) भरले. घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) दोन एक्सलचा, ट्रेलर तीन एक्सलचा. 2018 च्या अधिसूचनेनुसार या जोडीला पुढच्या एक्सलवर 7 टन, घोड्याच्या मागच्या चार टायरच्या एक्सलवर 11.5 आणि ट्रेलरच्या तिन्ही एक्सलवर मिळून 27 टन, असे एकूण 45.5 टन चालतात. पण आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकावर) याहून कमी आकडा असेल तर तोच धरायचा. जुन्या गाड्यांच्या बाबतीत इथंच घोळ होतो.

वजनकाट्यावर एकूण 42.2 टन भरले, म्हणजे 3.3 टन हातात. काटेवाला चिठ्ठी देऊन मोकळा झाला, कारण बिलाला एकूण वजन पुरतं. एक्सलचं वजन आपणच करून घ्यावं लागतं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवली: 5.1. मग अख्खा घोडा: 17.5. मग पूर्ण गाडी: 42.2. वजाबाकी केली की घोड्याचा मागचा एक्सल 12.4 आणि ट्रेलर 24.7. मागचा एक्सल 900 किलोनं वर!

हे असं तुकड्यानं वजन करताना गाडी न्यूट्रलला आणि ब्रेक सुटलेले हवेत. काट्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता प्लॅटफॉर्मच्या पातळीत नसेल, तर भार एका एक्सलवरून दुसऱ्यावर सरकतो आणि आकडे फसवतात. पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) सस्पेन्शनला हा फरक जास्त पडतो. त्यामुळे खड्ड्यात बसवलेला, म्हणजे प्लॅटफॉर्म रस्त्याच्या पातळीत असलेला, सपाट पोचरस्त्याचा काटा शोधलेला बरा.

माल उतरवायची गरज नव्हती. किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खिळीपासून) ट्रेलरच्या मधल्या एक्सलपर्यंत टेप लावला: 8 मीटर. आता हिशेब त्रैराशिकाचा. 7 टनांचा नग 2 मीटर मागे नेला, की 7 गुणिले 2 भागिले 8, म्हणजे 1.75 टन किंगपिनवरून ट्रेलरच्या एक्सलवर जातात. शेवटचा नग तेवढा मागे घेतला, बाकी तिघांना हात लावला नाही. पुन्हा काटा: 5.0, 10.8, 26.4. अजून अर्धा मीटर मागे गेला असता तर ट्रेलरच 27 च्या कडेला टेकला असता.

क्रेनचं भाडं दुसऱ्यांदा गेलं. भरायच्या आधी डेकवर खडूनं खुणा केल्या असत्या तर ते वाचलं असतं. तरी दंडापेक्षा स्वस्तच: ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही.

डिझेल वाटेत भरायचं असेल तर 400 लिटरचे सुमारे 330 किलो आधीच धरावेत. टाकी घोड्याला असते, म्हणून त्यातला काही भार घोड्याच्या मागच्या एक्सलच्या त्या 10.8 वरही चढतो.