ससा मागे वळून बघतो तेव्हा

'सहा सोप्या पायऱ्यांत ससा काढा' असं काही दिसलं की अजूनही माझं डोकं सणकतं. पहिल्या पायरीत गोल. दुसरीत गोलात फुली, म्हणजे नाक-डोळ्यांच्या जागा ठरवणाऱ्या उभ्या-आडव्या रेषा. तिसरीत दोन लांब कान. आणि चौथीत एकदम मिशा, दात, डोळ्यांतली चमक, गालावरचे केस सगळ्यासकट अख्खा ससा! मधलं कुणी काढायचं? एवढं करूनही तो ससा बघणार नाकासमोर, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा.

मला भाचीसाठी ससा-कासवाची गोष्ट चित्रांतून करायची होती. कासव झटक्यात जमलं. खऱ्या कासवाच्या पाठीवर बहुधा तेरा मोठी घरं असतात, मधल्या रांगेत पाच आणि दोन्ही बाजूंना चार-चार. कार्टूनला त्यातली निम्मी पुरतात. शिवाय शर्यतभर त्याला मान वळवायची नसते, एका बाजूने काढलं की काम झालं.

सशाचं तसं नाही. तो धावता धावता मागे बघतो, कासव दिसत नाही, म्हणून निवांत झोपतो. ते वळून बघणं काढलं नाही तर गोष्टच उरत नाही. गंमत म्हणजे खऱ्या सशाला वळावंच लागत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मागचंही बरंचसं दिसतं. दिसत नाही ते अगदी नाकापुढचं. पण कार्टूनमध्ये आपण दोन्ही डोळे माणसासारखे समोर आणतो आणि मग मान वळवायची पंचाईत ओढवून घेतो.

हा चेहरा धड समोरून नसतो, धड बाजूनेही नसतो. थ्री-क्वार्टर व्ह्यू म्हणतात त्याला. मी समोरचाच चेहरा घ्यायचे आणि नाक-डोळे एका बाजूला सरकवायचे. ससा वळायचाच नाही, नुसता गाल सुजल्यासारखा दिसायचा. पाहिलेल्या सगळ्या पायऱ्या समोरच्या चेहऱ्याच्या. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'आता डोकं हवं तसं वळवा.' वा! तेच तर विचारतेय ना मी!

शेवटी कागद बाजूला ठेवला, एक चेंडू घेतला आणि त्यावर दोन रबरबँड चढवले, एक उभा, एक आडवा. चेंडू थोडा फिरवला की उभा रबरबँड सरळ राहत नाही, बाहेरच्या बाजूला फुगतो, आणि पलीकडचा भाग अरुंद होतो. एवढंच होतं ते. फुली सपाट गोलावर मारायचीच नसते, चेंडूवर मारायची असते, हे कुठल्याच पायरीत लिहिलेलं नव्हतं.

मग एकेक गोष्ट जागेवर आली. पलीकडचा डोळा अरुंद करायचा, उंची साधारण तेवढीच ठेवायची. तोंडाचा फुगीर भाग हा चेंडूला चिकटवलेला दुसरा छोटा चेंडू. त्यामुळे नाक मधल्या रेषेवर न बसता तिच्याही पुढे जातं आणि पलीकडचा गाल थोडा झाकतं. बुबुळं दोन्ही एकाच दिशेला हवीत, नाहीतर ससा तिरळा होतो.

कानांनी पुन्हा छळलं. धावताना कान मागे उडणार आणि ससाही मागेच बघणार, म्हणजे कान थेट तोंडावर! मी सरळ त्याला थबकवला. एक कान ताठ, एक अर्ध्यात मुडपलेला. उलट त्यानेच तो जास्त शिष्ट दिसायला लागला, आणि मला तोच हवा होता. मिकी माऊसचे कान डोकं कसंही वळलं तरी बहुतेक वेळा गोलच काढतात. लांब कानांना ती सवलत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: सगळं कच्चं काम २एच, म्हणजे कडक आणि फिकट उमटणाऱ्या पेन्सिलीने, हलक्या हाताने करा. मऊ, गडद २बीने सुरुवात केलीत तर खोडून खोडून कागदाची लव निघते आणि नंतर वरून फिरवलेली शाई पसरते. शाई वॉटरप्रूफ घ्या, वर जलरंग द्यायचे असतील तर घ्याच. पूर्ण वाळल्याशिवाय रबर लावू नका.

ससा गोंडस हवा असेल तर कपाळ मोठं आणि डोळे डोक्याच्या मध्याच्या खाली. बाळांसारखे चेहरे आपल्याला का आवडतात, हे प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या कॉनराड लॉरेन्झने 1943 मध्ये मांडलं होतं. त्याच्या यादीत मोठं डोकं, मोठे डोळे आणि फुगीर गालही आहेत. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते, माझा ससा कान सोडून जेमतेम अडीच.

आणि गोष्टीच्या पहिल्या चित्राला हात घालण्याआधी एकाच कागदावर तोच ससा समोरून, थ्री-क्वार्टर, बाजूने आणि पाठमोरा काढून ठेवा. याला मॉडेल शीट म्हणतात. नाहीतर प्रत्येक पानावर नवा ससा शर्यतीत उतरतो, आणि मुलं ते लगेच पकडतात. चित्र कुठेतरी बिघडलंय पण कुठे ते कळत नसेल, तर कागद उलटा करून उजेडासमोर धरा. वाकडा डोळा मागच्या बाजूने ताबडतोब दिसतो. माझ्या झोपलेल्या सशाचा दिसला, तो अजून दुरुस्त करायचाय.