लांबच्या शाखेसाठी रिफर्बिश्ड सर्व्हर घेतला, आणि सगळं अडलं एका लायसन्सवर

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि दुरुस्त करून पुन्हा विकलेला, सर्व्हर घ्यायचा म्हटलं की जो तो प्रोसेसर आणि रॅमबद्दल सल्ले देतो. लांबच्या शाखेसाठी घेणार असाल, तर मी म्हणेन की आधी रिमोट मॅनेजमेंटचं, म्हणजे दूर बसून सर्व्हर हाताळण्याचं, लायसन्स बघा, बाकीचं मागून. आमचा सर्व्हर ह्या एकाच गोष्टीपायी खोळंबून पडला होता. आता तो उत्तम चालतोय, तरी त्या विक्रेत्याचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं.

आमचा व्याप छोटा आहे. शाखेत मोजकी माणसं, आयटीचं कुणीच नाही. फाइल शेअरिंग, अकाउंटिंगचा डेटाबेस आणि लॉगिनसाठी डोमेन कंट्रोलर, एवढंच काम. तिथली इंटरनेट लाइन अधूनमधून दगा देते आणि लाइन गेली की बिलिंग थांबून चालत नाही, म्हणून सर्व्हर शाखेतच हवा होता. एवढ्याशा कामाला नवाकोरा सर्व्हर घेऊन पैसे अडकवण्यात अर्थ नव्हता.

रॅक सर्व्हर (कॅबिनेटमध्ये आडवे बसणारे) सेकंडहँड बाजारात भरपूर मिळतात, कारण डेटा सेंटरं ते एकदम लॉटनं बाहेर काढतात. पण १यू म्हणजे सगळ्यात पातळ सर्व्हरचे ते बोटभर पंखे इतका आवाज करतात की शेजारी बसून कुणी फोनवर बोलू शकत नाही. शिवाय पूर्ण लांबीचा रॅक सर्व्हर सत्तर सेंटीमीटरच्या आसपास खोल असतो. भिंतीवर टांगलेल्या नेटवर्क कॅबिनेटची खोली बहुतेक वेळा ४५ किंवा ६० सेंटीमीटर, म्हणजे तो आत मावणारच नाही. म्हणून मी टॉवर, म्हणजे उभ्या डब्याचा सर्व्हर, निवडला, डेलचा पॉवरएज टी४३०. २०१४ मध्ये आलेली ही पिढी, डीडीआर४ ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणारी) रॅम, झिऑन ई५ प्रोसेसर. आमच्या कामाला पुरून उरेल असा. कोटेशन, मंजुरी, वाहतूक हे सगळं सुरळीत पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता मुद्द्यावर येते. सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक स्वतंत्र छोटा कंट्रोलर असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीमध्ये आयएलओ. सर्व्हर बंद असला तरी वायर प्लगमध्ये असेपर्यंत हा जागा असतो. त्याच्यावरून दूर बसून सर्व्हर चालू-बंद करता येतो, तापमान आणि पंखे बघता येतात. पण विंडोज किंवा लिनक्स सुरू व्हायच्या आधीची स्क्रीन आपल्या लॅपटॉपवर बघणं, आणि इथली आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत) तिथल्या सर्व्हरला डीव्हीडीसारखी जोडून ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं, ह्याला आयड्रॅकवर एंटरप्राइज लायसन्स लागतं. साध्या लायसन्सवर ही सोय नाही. आणि जिथे आयटीचं माणूस नाही, तिथे हीच सोय नसेल तर प्रत्येक बिघाडाला गाडी काढून जावं लागतं.

रिफर्बिश्डच्या बाजारात कोटेशनवर सर्रास लिहिलेलं असतं, ‘आयड्रॅकसहित’. ह्याला काडीचा अर्थ नाही, कारण ती चिप प्रत्येक सर्व्हरमध्ये असतेच. मी पर्चेस ऑर्डरमध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलं होतं, ‘आयड्रॅक ८ एंटरप्राइज, कायमस्वरूपी लायसन्स’ (८ ही टी४३० च्या पिढीतल्या आयड्रॅकची आवृत्ती). आणि शेवटचा हप्ता व्हर्च्युअल कन्सोल, म्हणजे सर्व्हरची ती दूरची स्क्रीन, आमच्या ऑफिसातून उघडल्यावरच मिळेल, हेही. ही दुसरी ओळ टाकली नसती तर आमचं काम आजही लटकलेलं असतं, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

सर्व्हर थेट शाखेत उतरला. मी इथून व्हीपीएनवरून (ऑफिस आणि शाखेतली सुरक्षित खासगी जोडणी) आयड्रॅकचं पान उघडलं. लॉगिन झालं, तापमान दिसलं, सगळं हिरवं. कन्सोलवर क्लिक केलं तर लायसन्स नाही. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणतो, “मॅडम, मागे पोर्ट आहे ना, मग चालणारच.” त्याला स्क्रीनशॉट पाठवले. मग बऱ्याच पाठपुराव्यानंतर ईमेलवर लायसन्सची फाइल आली. ती टाकली, तर सर्व्हरने नाकारली. पुन्हा फोन. “तुमच्या नेटचा प्रॉब्लेम असेल.” ज्या नेटवरून मी त्या सर्व्हरचे पंखे किती फेऱ्यांनी फिरतायत ते बघत होते, त्याच नेटचा! मग तो फोन उचलेनासा झाला, मेलला ‘टेक्निकल टीम बघतेय’ एवढंच उत्तर यायला लागलं. शाखेत सगळा भार जुन्या खिळखिळ्या पीसीवर, आणि शेजारी हा सर्व्हर नुसता दिवे लुकलुकवत उभा.

शेवटी मी ती लायसन्स फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघितली. ती एक्सएमएल असते, वाचता येते. आयड्रॅकचं लायसन्स त्या-त्या मशीनच्या सर्व्हिस टॅगला, म्हणजे डेलच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असतं, आणि तो टॅग फाइलमध्ये लिहिलेला असतो. तो मी आयड्रॅकच्या पानावर दिसणाऱ्या टॅगशी अक्षर-अक्षर ताडून बघितला. वेगळाच होता. मग शाखेतल्या आमच्या अकाउंटंट काकांना विनंती केली की मोबाइलचा टॉर्च लावून सर्व्हरच्या अंगावरच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यांनी टेबलाखाली बसून फोटो पाठवला. स्टिकरवरचा टॅग फाइलशी जुळत होता, इनव्हॉइसशीही जुळत होता. फक्त सर्व्हरच्या आतल्या टॅगशी जुळत नव्हता.

म्हणजे डबा एका सर्व्हरचा आणि मदरबोर्ड दुसऱ्याचा. रिफर्बिशिंगमध्ये बोर्ड बदलणं हा गुन्हा नाही, चार नादुरुस्त सर्व्हरमधून दोन चांगले उभे करणं हाच तो धंदा आहे. पण दुसऱ्या सर्व्हरमधून काढलेला बोर्ड आपला जुना टॅग घेऊन येतो. ते गिऱ्हाईकाला सांगायला हवं, आणि लायसन्स आतल्या टॅगवर काढायला हवं. विक्रेत्याने ‘पूर्ण टेस्टेड’ असं लिहून दिलं होतं. पाठवण्याआधी एकदा ती फाइल टाकून बघितली असती तर त्यालाच हे कळलं असतं. मला चीड येते ती ह्याची.

तिन्ही टॅगचे फोटो शेजारी-शेजारी लावून मेल केला, तेव्हा बोलणं सुरू झालं. आधी म्हणे एकदा काढलेलं लायसन्स बदलून मिळत नाही. मी म्हटलं, तो तुमचा आणि तुमच्या पुरवठादाराचा प्रश्न. मग ३० दिवसांचं ट्रायल लायसन्स देऊ केलं, ‘तोपर्यंत काम उरकून घ्या.’ मी नाही म्हटलं. कन्सोल एकदा उघडला की अट पूर्ण झाली असं म्हणून त्याने शेवटचा हप्ता मागितला असता, आणि महिन्याभरात मी पुन्हा तिथेच. लेखी उत्तर दिलं, आतल्या टॅगवर कायमचं लायसन्स द्या, नाहीतर सर्व्हर स्वखर्चाने घेऊन जा. हप्ता अडकलेला होता म्हणूनच त्याला हलावं लागलं. योग्य फाइल आली, अपलोड केली, आणि माझ्या लॅपटॉपवर त्या लांबच्या सर्व्हरची बूट स्क्रीन उमटली. इतका मोकळा श्वास बऱ्याच दिवसांत घेतला नव्हता. त्याच संध्याकाळी इथे बसून ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, शाखेत कुणाला खुर्चीवरून उठावंसुद्धा लागलं नाही.

तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून आयड्रॅकच्या लायसन्स पानाचा स्क्रीनशॉट मागा, ज्यात सर्व्हिस टॅग आणि लायसन्सचा प्रकार दोन्ही दिसतील. सोबत स्टिकरचा फोटो. जो आढेवेढे घेईल त्याच्याकडून घेऊ नका. फर्मवेअरही (आयड्रॅकच्या आतलं सॉफ्टवेअर) विक्रेत्यालाच अपडेट करून द्यायला सांगा, कारण आयड्रॅक ८ च्या जुन्या फर्मवेअरमध्ये कन्सोलला जावा किंवा अ‍ॅक्टिव्हएक्स लागतं. एचटीएमएल५ वर ब्राउझरमध्येच उघडणारा कन्सोल नंतरच्या अपडेटमध्ये आला.

डिस्क मात्र नव्याच घ्या. जुन्या डिस्क किती तास फिरल्या आहेत ते स्मार्ट रिपोर्टमध्ये दिसतं, ते आकडे बघितल्यावर कंपनीचा हिशेब त्यांच्यावर ठेवायची माझी तरी तयारी नव्हती. डिस्कचे ट्रे मोजून मागा, रिकाम्या खाचांचे ट्रे बरेचदा येतच नाहीत. रेड कार्डाची (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) बॅटरीही विचारा. ती मेलेली असली की कार्ड राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर जातं, म्हणजे डेटा आधी आपल्या मेमरीत न घेता प्रत्येक वेळी थेट डिस्कवर लिहितं, आणि डेटाबेस इतका रेंगाळतो की माणूस दोष भलत्याच गोष्टीला देतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: प्रोसेसरमधल्या जास्त कोरच्या (काम करणाऱ्या एककांच्या) मोहात पडू नका. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोरच्या हिशेबाने असतं, एका सर्व्हरला किमान १६ कोर धरतात. दोन प्रोसेसरचे मिळून २८ कोर स्वस्तात मिळाले तरी पैसे २८ कोरच्या लायसन्सचे भरावे लागतात. आमच्यासारख्या कामाला कमी कोर आणि जास्त क्लॉकचा एक प्रोसेसर पुरतो. मात्र दोन सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागा) बोर्डावर एकच प्रोसेसर असेल तर दुसऱ्या सॉकेटच्या वाट्याचे रॅम स्लॉट चालत नाहीत, रॅमचा हिशेब त्याप्रमाणे धरा.

आयड्रॅकचं मूळ युजरनेम ह्या पिढीत ‘रूट’ आणि पासवर्ड ‘कॅल्विन’ असतो आणि तो सगळ्या जगाला माहीत आहे. पहिल्या लॉगिनलाच बदला, आणि आयड्रॅक थेट इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका, व्हीपीएनच्या आतच ठेवा.

आणि इनव्हॉइस दुरुस्त करून घ्या. आमच्या इनव्हॉइसवर स्टिकरचाच टॅग होता. वॉरंटीत उद्या काही मागायची वेळ आली तर ‘हा सर्व्हर आमचा नाही’ म्हणायला त्याला वाट राहिली असती. दोन्ही टॅग लिहिलेलं सुधारित इनव्हॉइस हातात आल्यावरच मी शेवटचा हप्ता सोडला.