'फ्लोट'ने खाल्लेली सकाळ: कुंपणाची रेघ आखताना माझा अनुभव

शेताच्या चारही कोपऱ्यांचे दगड जागेवर होते, हद्दीचा वाद नव्हता. दगड ते दगड तारेच्या कुंपणाची सरळ रेघ तेवढी आखायची होती. तीन बाजू एका दिवसात झाल्या. चौथीने जीव काढला.

मोबाईलच्या जीपीएसवर खांब रोवू नका. मोकळ्या आभाळाखालीही तो चार-पाच मीटर इकडचं तिकडे दाखवतो. म्हणून मी आरटीके यंत्र, म्हणजे दुरुस्तीचे सिग्नल घेऊन उपग्रहांवरून नेमकी जागा काढणारं यंत्र, भाड्याने आणलं. ते एक-दोन सेंटिमीटरपर्यंत नेमकं सांगतं, आणि उघड्या बाजूंना सांगितलंही.

चौथ्या बाजूला मात्र झाडांची रांग, मध्ये उंचवटा. या दगडावरून तो दगड दिसत नाही. पडद्यावर 'फिक्स' यायला हवं, तिथे 'फ्लोट' येऊन बसलं. फ्लोट म्हणजे यंत्राचा हिशेब अजून पक्का झालेला नाही. तरी आकडे मिलिमीटरपर्यंत झळकत राहतात, घात होतो तो इथेच. एकाच खुंटीवर तीनदा रीडिंग घेतलं, दर वेळी हातभर फरक. फांद्या उपग्रहांचे सिग्नल अडवतात, आणि आपटून आलेले सिग्नल यंत्राला चकवतात. हे मला नंतर कळलं. तोवर यंत्र बंद-चालू करण्यात, दांडा उंच धरण्यात अख्खी सकाळ गेली. यंत्र देणाऱ्याने "झाडांखाली फिक्स मिळणार नाही" एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी यंत्र पेटीत घातलं आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या चार काठ्या काढल्या. दोन्ही दगडांपाशी एकेक, ओळंबा लावून उभी केली. उरलेल्या दोन घेऊन मी आणि भाऊ उंचवट्यावर समोरासमोर उभे राहिलो. मला त्याच्या पाठीमागची काठी दिसत होती, त्याला माझ्या. आधी मी त्याला ओळीत सरकवलं, मग त्याने मला. "अजून चार बोटं... बास!" पाच-सहा फेऱ्यांनंतर कोणालाच हलायची गरज उरली नाही. चारही काठ्या एका रेषेत! इतका आनंद मला त्या महागड्या यंत्राने दिला नव्हता.

टेपचं राहिलंच. नकाशाशी ताडायचं अंतर टेप आडवी, समपातळीत धरूनच मोजा. 10 अंशांच्या उतारावर जमिनीलगत 30 मीटर मोजले, तर आडवं अंतर भरतं 29.54 मीटरच. तार किती लागेल हे काढताना मात्र उताराचंच माप घ्या, नाहीतर तार कमी पडेल.

आणि खांबासाठी खड्डा खणायला घेतला की त्याची जागा दाखवणारी खुंटी उपटलीच म्हणून समजा. त्याआधीच रेषेच्या दोन्ही अंगांना, काटकोनात, मीटरभर अंतरावर एकेक जादा खुंटी ठोका. त्या दोघींमध्ये दोरी ताणून मध्य काढला, की खांबाची जागा परत सापडते.